साडेतीन यार्ड

माणसाने आयुष्यात निदान एका विषयावर तरी हट्टी असावं, असं माझं मत आहे. आमच्या शाखेतले हेडकॅशिअर चहात आलं घालावं की वेलदोडा, या प्रश्नावर गेली पंधरा वर्षं हट्टी आहेत आणि त्यामुळे त्यांची प्रकृती उत्तम आहे. मला मात्र सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत असा विषय सापडत नव्हता. तो शेवटी सापडला अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या एका हायस्कूलच्या मैदानावर, भर पावसात, पत्र्याच्या बाकावर बसलो असताना. विषय असा: शाळकरी मुलांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू उठसूट फेकू नये. तो पोटाशी धरावा आणि पळावं.

तुम्ही हसलात. हसा. सांगलीच्या बँकेतल्या कारकुनाने अमेरिकन फुटबॉलवर मत देणं म्हणजे मारुतीने लग्नाचे मुहूर्त काढण्यासारखं आहे, हे मला ठाऊक आहे. आमचे दाजीही असेच हसले होते.

त्याचं असं झालं. २०२३ च्या ऑक्टोबरात साठलेली रजा घेऊन मी ताईकडे गेलो. भाचा सोळा वर्षांचा. बांधा आमच्या घराण्याचा, म्हणजे उंचीचं सगळं बजेट रुंदीवर खर्च झालेलं. लहानपणापासून कुठल्याही खेळात हे पोर कच्चा लिंबू. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या फुटबॉल कोचने त्याला व्हरांड्यात पाहिलं आणि जुन्या वाड्यातला तुळवंट पाहून सुताराचे डोळे चमकावेत तसे त्यांचे चमकले. तेव्हापासून तो संघात आहे. जागा 'गार्ड'ची, नंबर चौसष्ट.

हा फुटबॉल हाताने खेळतात, हा पहिला धक्का पचवला की बाकीचे नियम कॉमर्सच्या माणसाला चटकन कळतात. चार हप्ते मिळतात. चार हप्त्यांत दहा यार्ड भरायचे. भरले की नवे चार हप्ते मंजूर. नाही भरले की चेंडू जप्त. असं करत करत समोरच्याची हद्द ओलांडली की सहा गुण. पुढे सरकायचे मार्ग मुख्यतः दोन. एक, चेंडू घेऊन माणसाने पळायचं आणि बाकीच्यांनी समोरच्यांना ढकलून त्याची वाट मोकळी करायची. दोन, मधल्या एकाने चेंडू लांब फेकायचा आणि दुसऱ्याने तो झेलायचा.

आमच्या भाच्याचे कोच पळवणारे. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा संघ तीन-चार, तीन-चार यार्ड असा लोकल ट्रेनसारखा पुढे सरकत असे. आणि दर शुक्रवारी मागच्या बाकांवरून पालकांची आरोळी येत असे, "अरे, फेका!" मराठीत फेकणाऱ्याबद्दल आपलं मत काय असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडे 'तो फार फेकतो' म्हटलं की त्याला कर्जाला जामीन राहत नाहीत.

मी गेलो त्या आठवड्यात पालकांचा एक अर्ज फिरत होता. पद्धत बदला, नाहीतर कोच बदला. मैदानभर माणसं पसरून ठेवा आणि चेंडू फेका. मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती त्यातूनच मिळते. अर्जावर पहिली सही कोणाची? ज्याचा मुलगा फेकतो त्याची. दुसरी? ज्याचा मुलगा झेलतो त्याची. दाजींनी तो अर्ज घरी आणला होता. पेन हातात होतं.

"अरे, हे जुनाट आहे सगळं," दाजी मला म्हणाले. "आमच्या कंपनीत असं काम केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

त्या रात्री भाचा माझ्या खोलीत आला. "मामा, फेकायची टीम झाली ना, तर माझ्या जागी उंच मुलगा येणार. लांब हातांचा. मला माहितीये." एवढंच बोलला आणि फ्रिज उघडायला गेला.

मग मात्र मी हा विषय हातात घेतला.

पहिला मुद्दा हिशेबाचा. एका वेळी साडेतीन यार्ड मिळाले तर तीन वेळांत साडेदहा होतात. दहाची भरती होऊन अर्धा यार्ड शिलकीत, आणि चौथ्या हप्त्याला हातही लावावा लागत नाही. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. या आकड्याची महती अमेरिकेला मी सांगावी असा योग होता. उलट फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट, असं तिथले जुने कोच म्हणत आले आहेत. हे वचन कोणी ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्या नावावर जमा करतात, कोणी टेक्सासच्या डॅरेल रॉयल यांच्या. आपल्याने झेलला तर ठीक. कोणीच न झेलला तर हप्ता फुकट. समोरच्याने झेलला तर मुद्दलच गेलं. शक्यता तीन म्हणजे तिन्हींची टक्केवारी सारखी नव्हे, हे मलाही कळतं. स्टॅटिस्टिक्समध्ये मला अडतीस मार्क होते, शून्य नव्हते. पण चेंडू ओला, बोटं गारठलेली आणि फेकणारा सोळा वर्षांचा, ज्याच्या हातून घरी दुधाचा ग्लासही सुटतो, अशा वेळी ठेव कुठे ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

दुसरा मुद्दा माणसांचा. धंदेवाईक संघ फेकणारा विकत घेतो. शाळेच्या कोचला असं करता येत नाही. आसपासच्या गल्ल्यांत जी पोरं जन्माला आली ती त्याचा संघ. उत्तम फेकणारा हात शाळेला दर वर्षी लाभेल, याची हमी कोण देणार? पण पाच दणकट आणि सांगितलेलं ऐकणारी पोरं कुठल्याही शाळेत दर वर्षी निघतात. आणि दणकट नसली तरी पळण्याच्या पद्धतीत त्याची सोय आहे. 'ऑप्शन' नावाच्या प्रकारात समोरच्या एका आडदांड गड्याला मुद्दाम मोकळंच सोडतात. तो ज्याच्या अंगावर जाईल त्याच्याजवळ चेंडू ठेवायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. आमच्या शाखेत इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांच्या बाबतीत आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत. अमेरिकेच्या आर्मी आणि नेव्हीच्या अकादम्यांचे संघ अंगापिंडाने मोठ्या विद्यापीठांपुढे लहान पडतात, म्हणून त्यांनीही वर्षानुवर्षं हाच मार्ग धरला.

"पण हे जिंकतं का?" दाजी म्हणाले.

मी तीन रात्री भाच्याच्या संगणकावर घालवल्या होत्या. म्हटलं, ऐका. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड गावचं डी ला साल हायस्कूल. कोच बॉब लादुसूर. १९९२ पासून २००४ पर्यंत सलग १५१ सामने जिंकले. बारा वर्षं! तेवढ्या काळात आमच्या शाखेत सात मॅनेजर बदलले. आणि ते खेळत काय होते? 'व्हिअर', म्हणजे पळण्याचीच पद्धत. ही साखळी शेवटी सप्टेंबर २००४ मध्ये सिअ‍ॅटलला तुटली, ३९ विरुद्ध २०. तोडली कोणी? तुमच्या शेजारच्या बेलव्ह्यू हायस्कूलने. त्यांची पद्धत 'विंग-टी', म्हणजे चेंडू याच्याकडे दिल्यासारखा करायचा, त्याच्याकडे द्यायचा आणि पळायचं. म्हणजे पळून उभा केलेला विक्रम पळणाऱ्यांनीच मोडला. फेकणारे तेव्हा कुठे होते?

दाजींनी पेनाला टोपण लावलं. सही झाली नव्हती, पण अर्ज खिशातच राहिला.

आता विरुद्ध पक्षाचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ऑडिटमध्ये सापडेल. वीस गुणांनी मागे पडल्यावर साडेतीन यार्डांचा संसार कामाचा नाही, वेळ संपतो. आणि पुढे फेकण्याला परवानगीच मुळी मिळाली ती पळणाऱ्यांच्या पापामुळे. पूर्वी गठ्ठ्याने एकमेकांवर आदळायचे. इतकी पोरं दगावत होती की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकणं कायदेशीर झालं. त्यामुळे फेकणाऱ्यांचे उपकार मी मानतो. ताईला तर हा खेळच मान्य नाही. रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांची डोकी सारखी आपटतात, आणि त्या एका वाक्यापुढे माझे सगळे मुद्दे गप्प बसतात. ती सामन्याला येते ती डोळे मिटायला. पण तिचं भांडण फुटबॉलशी आहे. तिच्या मुलाने मैदानात पाऊल ठेवायचंच असेल, तर तिथे त्याला काय काम द्यायचं एवढाच माझा वाद आहे.

आणि इथे माझा तिसरा मुद्दा येतो. खरं म्हणजे हाच एक मुद्दा आहे, आधीचे दोन वकिली होते.

रांगेतल्या मधल्या पाच जणांनी पुढे फेकलेला चेंडू झेलायचा नाही, असा नियमच आहे. चेंडू फेकताना त्यांचं काम काय? मागे मागे सरकत, अंगावर येणाऱ्याला थोपवत राहायचं. म्हणजे एक तारखेला पेन्शनच्या काउंटरवर मी जे करतो ते. मला त्याची प्रतिष्ठा कमी करायची नाही, पण त्यात माणूस पुढे जात नाही. पळण्याच्या खेळात मात्र चौसष्ट नंबर जागा सोडतो, चौघांच्या मागून आडवा धावतो, वळतो आणि वाट मोकळी करत सगळ्यांच्या आधी पुढे जातो. चेंडू त्याच्या मागून येतो! दहीहंडी फोडणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, तळच्या थरातल्या गोविंदाचा नाही. पण तळच्या थराला निदान हे ठाऊक असतं की आपण हललो तर हंडी नाही. एरवी कच्चा लिंबू ठरणाऱ्या पोराला अकरातला एक, खराखुरा एक, करणारी पद्धत शाळेने टाकून द्यायची, कारण मागच्या बाकावरच्यांना कंटाळा येतो? शाळा मागच्या बाकांसाठी काढलेली नसते. निदान आमच्या वेळी तरी मागच्या बाकांचं मत कोणी विचारत नसे.

माझ्या मुक्कामातला शेवटचा शुक्रवार. पाऊस असा की सांगलीची आठवण यावी. आम्ही चार गुणांनी पुढे, चेंडू आमच्याकडे, शेवटची पाच मिनिटं. आता जो संघ चेंडू सोडणार नाही तो जिंकणार. पळताना अडवलं तरी मैदानात घड्याळ चालू राहतं. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला की घड्याळही थांबतं. मागून आरोळी आली, "फेका!" कोचनी मागे वळूनही पाहिलं नाही.

अकरा वेळा पळाले. तीन यार्ड, चार, दोन, पाच. समोरच्यांनी तीनदा खेळ थांबवून पाहिला. अकराव्या वेळी घड्याळ शून्यावर आलं. लाउडस्पीकरवरून अकराही वेळा पळणाऱ्याचंच नाव आलं. चौसष्ट नंबरचं एकदाही आलं नाही.

कुंपणापाशी भाचा आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, दोनच डोळे स्वच्छ. "मामा, तू बघितलंस? शेवटून दुसऱ्याला मी डावीकडून..."

"बघितलं," मी म्हणालो. आणि खरंच बघितलं होतं. त्या पाच मिनिटांत चेंडू कुठे होता हे मला विचाराल, तर आजही सांगता येणार नाही. मी चौसष्टवरून नजर काढलीच नव्हती.

बाजूला पाहिलं तर दाजी खिशातला कागद काढून त्याच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होते. पावसाने शाई पसरली होती. अकरा आकडे एकाखाली एक मांडलेले.

"बेरीज कर रे जरा," दाजी म्हणाले. "तू बँकेतला ना?"

केली. बेचाळीस यार्ड. भागिले अकरा. सरासरी साडेतीनच्या थोडी वर निघाली. तो वरचा अपूर्णांक मी भाच्याच्या खात्यावर जमा केला आणि कागद उलटून पाहिला नाही.