पाकिटावर वाणाचं नाव आहे का?

गणपती उठले की आमच्या कार्यालयातला फोन वाजू लागतो. फ्लॉवरचं बी कुठलं घेऊ, अ‍ॅस्टर आत्ता पेरू का, अमुक साइटवर शंभर प्रकारच्या भाज्यांचा किट स्वस्तात मिळतोय, मागवू का? हिवाळी भाज्या-फुलांची बियाणी मागवायचे हेच दिवस. यंदा सगळ्यांना आमचं एकच उत्तर आहे: पाकिटावर वाणाचं नाव नसेल तर ते घेऊ नका. पिकाचं नाव पुरेसं नाही.

फ्लॉवरचंच बघा. पुसा कातकी आणि पुसा दीपाली हे लवकरचे वाण. पावसाळ्याअखेरच्या उबदार हवेत ते गड्डा धरतात. पुसा स्नोबॉल के-१ला गड्ड्यासाठी साधारण १० ते १६ अंशांची थंडी लागते. मुंबईच्या गच्चीवर स्नोबॉल लावला तर पानांचा डोलारा उभा राहतो आणि मधे काहीच नसतं. उलट, लवकरचा वाण उशिरा, थंडीत लावला तर रोप अजून कोवळं असतानाच सुपारीएवढा गड्डा धरून थांबतं. मग खत कमी पडलं, माती बिघडली, कोकोपीट खारट होतं अशा चर्चा रंगतात. दोष ना खताचा असतो ना मातीचा. दोन्ही पाकिटांवर ‘फ्लॉवर’ एवढंच छापलेलं असतं आणि चित्रही बहुधा तेच असतं.

झेंडूचीही तीच गत. दसऱ्याला घरचा झेंडू हवा म्हणून श्रावणात बी टाकणारे पुष्कळ आहेत. बुटका फ्रेंच झेंडू पेरल्यापासून दोनेक महिन्यांत फुलतो, तेव्हा त्यांचं साधून जातं. पण हाती पुसा नारंगी पडला असेल तर त्याला पेरणीपासून फुलायला चार महिन्यांहून अधिक लागतात. दसरा जातो, दिवाळी जाते, मग फुलं येतात. अ‍ॅस्टरमध्ये आपल्याकडे फुले गणेश मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आहेत, बंगळुरूच्या संस्थेचा अर्का कामिनी आहे. नाव घेऊन मागितलं तर मिळतात. ‘अ‍ॅस्टर मिक्स’ मागितलं की जे मिळेल ते पदरी.

वालाचा मामला याहून फसवा आहे. आपले जुने वेली वाल-पावटे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जानेवारीत टोकले तर कठड्यावरून शेजाऱ्याच्या गॅलरीत पोचतात, पण शेंगेचं नाव नाही. बारमाही घ्यायचा असेल तर दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेले अर्का जय किंवा अर्का विजय यांसारखे झुडपी वाण नाव सांगून मागावे लागतात.

दिवसाच्या लांबीवरून परदेशी बियाण्यांकडे येतो. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या लेकी-मुलांनी प्रेमाने आणलेली कांद्याची पाकिटं आमच्याकडे दाखवायला येतात. त्यांतले बहुतेक वाण लांब दिवसांचे असतात. त्यांना कांदा पोसायला चौदा तासांच्या आसपास दिवस लागतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेरचा. म्हणजे पात मिळेल, कांदा मिळणार नाही. आपल्यासाठी बसवंत ७८०, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड आहेतच. शिवाय परदेशातून बी आणायला २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, मग ते बी चिमूटभर का असेना. २०२०मध्ये न मागवता आलेल्या बियाण्यांच्या गूढ पाकिटांनी अनेक देशांत खळबळ उडवली होती आणि आपल्या केंद्र सरकारनेही इशारा दिला होता. त्यानंतरही बॅगेत पाकिटं येतच आहेत. निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. गुलाबाची जात बियांनी टिकत नाही, कलमाने टिकते, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण हे बी मागवणाऱ्यांत आपलेही काही वाचक आहेत, म्हणून लिहावं लागतं.

‘देशी’, ‘गावरान’, ‘ऑरगॅनिक’ ही वाणाची नावं नव्हेत. गावरान बियाण्याबद्दल आम्हाला आदर आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जे बी जपलं, त्यातला प्रत्येक प्रकार त्यांनी वेगळा ओळखला आणि वेगळा ठेवला, म्हणून तर त्याला मोल आहे. सगळं एका डब्यात ओतून ‘गावरान’ म्हणून विकणं हा निराळा धंदा झाला. आणि संकरित बी म्हणजे पाप, असंही आम्ही मानत नाही. टोमॅटोची चारच रोपं लावायची आणि दरवर्षी ती पानं आकसणाऱ्या विषाणूने जायची, असं होत असेल तर अर्का रक्षक लावून बघायला काय हरकत आहे? फक्त त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसाच टोमॅटो येईल अशी आशा ठेवू नये.

नावापाठोपाठ तारीख बघा. लेबलावर लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत असते. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं, सत्यतादर्शकाचं हिरवट. खरी अडचण सुट्या बियाण्यात आहे. दुकानदार मोठं पाकीट फोडून चमचाभर बी प्लास्टिकच्या पुडीत भरतो आणि ही सगळी माहिती मूळ पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. कांद्याचं आणि अ‍ॅस्टरचं बी मुळात अल्पायुषी, आपल्या पावसाळी दमटपणात तर ते एका हंगामात मरतं. टोमॅटो व्यवस्थित ठेवला तर चार वर्षं उगवतो. आणि उगवणशक्तीचा आकडा समजून घ्या: मिरचीला किमान प्रमाण ६० टक्के आहे, भेंडीला ६५. मिरचीच्या दहा बियांपैकी सहाच उगवल्या तर विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. त्या हिशोबाने पेरा.

मागवताना हात आखडता ठेवा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात, पेटुनियाच्या ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात. चौघांनी मिळून एक पाकीट घ्यावं. लेबलाचा फोटो मात्र चौघांकडेही हवा. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवा. गुलाबी-लाल रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं. ते मायक्रोग्रीन्ससाठी कधीही वापरू नका, धुऊनसुद्धा नाही.

विक्रेत्या मित्रांनाही एक सांगणं आहे. पाच ग्रॅमच्या पुडीवर वाण, लॉट, तपासणीची तारीख आणि महाराष्ट्रातला पेरणीचा काळ एवढं छापायला एक चिकटपट्टी पुरते. घरगुती ग्राहक थोडं घेतो म्हणून त्याला कमी माहिती द्यायची, हे आता चालू नये. या महिन्यापासून आमच्या ‘बियाण्यांची देवाणघेवाण’ सदरात वाणाचं नाव आणि बी धरल्याचा महिना नसलेली नोंद छापली जाणार नाही. नाव ठाऊक नसलेल्या घरच्या जुन्या बियाण्यासाठी गाव, पेरायचा महिना आणि फळा-फुलाचं वर्णन कळवलं तरी चालेल. जाहिरातींनाही हाच नियम लागू राहील.