समतोल कसला? वेळेचं वाटप करा!

साहित्य संमेलनाच्या मांडवात एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, प्राध्यापकी, संसार आणि कादंबरी, हा समतोल तुम्ही कसा साधता?" सर गालात हसतात. पहाटे चारला उठतो म्हणतात. सौभाग्यवतींचे आभार मानतात. टाळ्या पडतात. प्रश्न मिटतो.

आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सर पहाटे चारला उठतात तेव्हा चहा कोण टाकतं?

दोस्तांनो, समतोल हा भरल्या पोटाचा शब्द आहे. दोन्ही पारड्यांत टाकायला ज्याच्याकडे माल आहे त्याने तराजूच्या गोष्टी कराव्यात. कविता गोदीत चहाच्या सुट्टीतही होते. चार ओळी डोक्यात धरून माणूस पाळीभर माल उतरवू शकतो. कादंबरीचं तसं नाही. चाळिसाव्या पानावर कोण मेलं, कोण पळालं हे उद्याही ध्यानात पाहिजे, परवाही त्याच जागी येऊन बसलं पाहिजे. तिला सलग तास लागतात, कोपरा लागतो, लावून घ्यायला दार लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. एकाने दार लावून घेतलं तर बाकीच्या पाचांनी जायचं कुठे?

आणि हे प्रस्थापित समीक्षक आम्हाला विचारतात, दलितांनी कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली, पण कादंबरी कुठाय? म्हणे प्रतिभेचा आवाका कमी पडतो! तोंड सांभाळून बोला. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णाभाऊ साठेंनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. पण अण्णाभाऊंचं नाव घेऊन "बघा, जिद्द असली की जमतं" असले धडेही आम्हाला देऊ नका. तो माणूस १९६९ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, गरिबीत मेला. त्यात कसला आलाय समतोल? ते या समाजावरचं आरोपपत्र आहे.

त्याच अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्याचा घाट दिला. त्यांच्या 'वैजयंता'वर १९६१ साली सिनेमा निघाला. आम्ही सिनेमा बघतो, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर रात्री जागवतो, आजची पोरं रॅप करतात, तर सर म्हणतात, वेळ फुकट घालवता. सर, गोष्ट कुठे तोडायची, माणूस कधी समोर आणायचा, हे आम्ही तिथेच शिकलो. तो आमचा अभ्यास आहे. तुमचा छंद तो व्यासंग आणि आमचा तो टाइमपास, हा न्याय कुठला?

आता आपल्यातही मास्तर, प्राध्यापक झाले. पण कसले? नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली पोरं तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके पैसे. सकाळी या कॉलेजात, दुपारी त्या. कायम नोकरीवाल्या सरांना उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कादंबरीचा हंगाम. तासिकावाल्याला तीच सुट्टी म्हणजे चुलीचा प्रश्न. दोघांची डिग्री एक, दोघांच्या मे महिन्यात जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून सांगतो, वेळ ही जमिनीसारखी चीज आहे. ती कुणाच्या तरी ताब्यात असते. ती लढून मिळवावी लागते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना उभं केलं तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यातली दुरुस्ती पुढे आली. १९४६ साली ती मंजूर झाली आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आणि २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काय केलं? कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. बारा तास मशीनवर, तीन तास लोकलमध्ये. आता काढा म्हणावं कादंबरी! ह्या तासांच्या लढाईत एकही साहित्यिक रस्त्यावर दिसत नाही. त्यांना वाटतं, हा युनियनचा विषय. अरे, न लिहिलेल्या किती कादंबऱ्या त्या बारा तासांत गाडल्या जाणार आहेत!

इथवर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या पोरांनी आता थोडं पुढचंही ऐकावं. लोखंडेंनी मिळवलेला रविवार घरात कुणाला मिळाला? आपण रविवारी मीटिंगला जातो, वाचन ठेवतो, क्रांतीच्या कविता म्हणतो. मागे आई, बहीण, बायको आठवड्याचे कपडे धुते. हीसुद्धा वेळेची चोरीच आहे. सरांच्या सौभाग्यवतीवर हसलात ना? मग आपल्या घरचा चहा कोण टाकतं?

बेबीताई कांबळेंनी फलटणला छोटं दुकान सांभाळत 'जिणं आमुचं' लिहिलं. लिहिलेलं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवावं लागलं. १९८६ साली पुस्तक निघालं. मल्लिका अमर शेख यांनी १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून चळवळीच्या घराचं आतलं दार उघडलं. आपल्यातले काही अजून त्याला "घरगुती भांडण" म्हणतात. ब्राह्मण्य फक्त सदाशिव पेठेत राहतं असं कुणी सांगितलं? बायकोच्या तासांवर कविता लिहिणारा कवी कुणाचा वारसदार, ते त्यानेच ठरवावं.

तेव्हा मागण्या दोन. एक सरकारकडे: बारा तासांचा निर्णय मागे घ्या, तासिकावाल्यांना कायम करा. दुसरी आपल्याच लोकांकडे: प्रत्येक शाखेने वस्तीतलं विहार नाहीतर अभ्यासिका आठवड्याचे दोन दिवस रात्री लिहिणाऱ्या बायांसाठी उघडी ठेवावी. तेव्हा घरची पोरं पुरुषांनी सांभाळावीत, भाकऱ्या पुरुषांनी थापाव्यात. आणि ह्या अंकाच्या संपादकांनी दर अंकात चार पानं क्रमशः कादंबरीला द्यावीत. पहिली बाईची. त्यासाठी माझी कविता गाळावी लागली तर खुशाल गाळा.

जय भीम!