छोट्या धरणाला वाली हवा

अमेरिकेच्या ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकूड कापणाऱ्या मोठ्या गिरणीला सहसा स्वतःचे तळे असे. अनेक ठिकाणी ओढ्यावर मातीचा बुटका बांध घालून ते केलेले असे. पाण्यात ओंडके तडकत नाहीत, त्यांना कीड लागत नाही आणि सालीतली खडी धुऊन निघाल्याने करवतीचे दात टिकतात. तळ्यावरचा कामगार खिळ्यांचे बूट घालून तरंगत्या ओंडक्यांवर चाले आणि लांब काठीने डग्लस फर जातीचे ओंडके एका कप्प्यात, हेमलॉकचे दुसऱ्या कप्प्यात लोटत असे.

ओरेगॉनमधल्या व्हर्नोनियाची गिरणी १९२४ साली सुरू झाली आणि १९५७ साली बंद पडली. तिचे तळे आज गावाचे सहलीचे ठिकाण आहे. सगळ्याच तळ्यांचे नशीब असे नसते. गिरणी चालू असते तोवर बांधावर रोज वावर असतो, ओल दिसली तर कुणीतरी बोलते. गिरणी गेली की वावर संपतो, पाणी मात्र तसेच तुंबलेले राहते.

अशा बांधांची दुखणी आपल्या ओळखीची आहेत. वाऱ्याने हलणारे ओंडके पाणरेषेवरचा उतार खरवडतात. एखादा ओंडका सांडव्यात आडवा बसला की त्यामागे साल-फांद्या साचतात, पातळी चढते आणि पाणी माथ्यावरून वाहू लागते. भरावातली लाकडी मोरी कुजली की तिच्या कडेने पाणी बारीक माती घेऊन निघते. आपल्या सांडव्यांत पुरात आलेली झाडे अडकतात. भरावावरची बाभूळ मेली की तिचे कुजलेले मूळ मोरीचेच काम करते.

प्रश्न मोजमापाचाही आहे. आपण लघु प्रकल्प ठरवतो तो लाभक्षेत्रावरून. धरण सुरक्षा कायदा, २०२१ उंची पाहतो: १५ मीटरपेक्षा उंच धरणे त्यात येतात, १० ते १५ मीटरची काही अटींवर, त्याखालची नाहीत. वॉशिंग्टन राज्य साठा पाहते. १० एकर-फूट, म्हणजे सुमारे १२,३०० घनमीटर पाणी अडवू शकणारा बांध तिथे नियमनाखाली येतो आणि त्याचा धोका खालच्या वस्तीवरून ठरतो. हीच दृष्टी आपण घ्यायला हवी.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण लघु पाटबंधाऱ्यांतलेच होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि पायथ्याची वाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. पुढे खेकड्यांनी भराव पोखरला या दाव्याची चर्चा झाली तेवढी या तक्रारींची झाली नाही.

म्हणून शाखा अभियंत्यांना आणि ठेकेदारांना आमचे सांगणे आहे: पावसाळ्याआधी भरावावरची झुडपे काढा, सांडवा मोकळा करा, पायथ्याची गळती गढूळ आहे का ते डोळ्यांनी पाहा. शासनाकडे मागणी एकच आहे. बांध दहा मीटरच्या आतला असो, वापरातला असो वा सोडून दिलेला, खाली वस्ती असेल तर त्याची नोंद व्हावी आणि त्या नोंदीत जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे.