अंगावरच्या कपड्यांनिशी

एक वाक्य मी तीस-पस्तीस वर्षं ऐकत आलोय. हापिसात ऐकलं, लोकलच्या डब्यात ऐकलं, एका व्याख्यानमालेच्या अध्यक्षीय समारोपात तर टाळ्यांसकट ऐकलं. वाक्य असं : "सिंधी लोक बघा. अंगावरच्या कपड्यांनिशी आले. कुणाकडं हात पसरला नाही. एका पिढीत बंगले बांधले. आणि तुम्ही, एवढ्या सवलती घेऊन, आहात तिथंच."

या वाक्याला आमची माणसं दोन उत्तरं देतात. एक तर मान खाली घालून गप्प बसतात, नाहीतर सिंध्यांना शिव्या देतात. मला दोन्ही पटत नाहीत. सिंध्यांशी माझं भांडण नाही. माझा बाप ७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून निघाला तो उल्हासनगरला आला. एका सिंधी शेठच्या कापडाच्या कारखान्यात गठ्ठे वाहिले त्यानं बावीस वर्षं. पगार वेळेवर मिळायचा. शेठच्या घरून चहा यायचा. कप वेगळा होता का, हे बापानं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तर भांडण शेठशी नाही. भांडण आहे ते बाजूला उभं राहून तराजू धरणाऱ्याशी. त्याच्या काट्याखाली मेण लावलेलं आहे, ते मला दाखवायचंय.

सिंध्यांनी सोसलं, हे पहिल्यांदा कबूल करू. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, घरं लुटली गेली, आणि मग बोटी भरभरून माणसं मुंबईच्या धक्क्यावर उतरली. दहा लाखांच्या वर हिंदू सिंधी त्या काळात आपला मुलूख सोडून इकडं आले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती, तिच्या बराकींत त्यांना कोंबलं. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हातून त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मुंबईतली माणसं त्यांना काही ओवाळायला उभी नव्हती. 'घाणेरडे' म्हणत होती. आज जे कौतुकानं मान डोलवतात, त्यांचेच आजोबा.

पण 'कुणाकडं हात पसरला नाही' हे धादांत खोटं. मागितलं, आणि सरकारनं दिलं. द्यायलाच पाहिजे होतं. देशाच्या फाळणीत त्यांचा काय दोष? १९४८ साली दिल्लीत निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला खास कायदा करून वित्त प्रशासन उभं राहिलं. १९५०ला मागं राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायचा कायदा आला. १९५४ला नुकसानभरपाईचा कायदा आला. कच्छच्या महारावांनी हजारो एकर जमीन दिली, तिच्यावर गांधीधाम उभं राहिलं. या सगळ्याला कुणी 'सवलत' म्हटलं नाही. म्हटलं 'पुनर्वसन'. शब्द बघा कसा स्वच्छ आहे. धुतलेला, इस्त्री केलेला.

आता आमचं बघा. आमच्या बापजाद्यांनी गावकीची कामं उपसली, मेलेली ढोरं ओढली, सरकारी सांगावे पोचवले, त्याच्या बदल्यात वतनाची तुकडा-तुकडा जमीन. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कायदे मंडळात वतनाचं बिल आणलं. वतनाच्या जोखडातून कायद्यानं सुटका व्हायला १९५८ उजाडलं. आणि सुटका कशी? शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम भरा, मग तुमचीच जमीन तुमच्या नावावर. ज्याची जमीन गेली त्याला सरकारनं भरपाई दिली. ज्याची जमीन होती त्याच्याकडून सरकारनं पैसे घेतले. धंद्याला कर्ज द्यायचं महामंडळ, महात्मा फुल्यांच्या नावाचं, ते महाराष्ट्रात १९७८ला निघालं. १९४८ आणि १९७८. मधली तीस वर्षं कोण कुणाच्या पुढं गेलं याचा हिशेब करताना ही तीस वर्षं कुठल्या खिशात टाकता? आणि ५६ साली धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या त्या १९९०ला परत मिळाल्या. चौतीस वर्षं. पोरं जन्मली, शिकली, नोकरीचं वय उलटून गेलं.

बरं, अंगावरच्या कपड्यांनिशी. कपडे अंगावरचे होते हे खरं. पण डोक्यात काय होतं? शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या बुखाऱ्यापर्यंत चालायच्या. हैदराबाद सिंधचे व्यापारी, ज्यांना सिंधवर्की म्हणतात, त्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून जिब्राल्टरपासून जपानातल्या कोबेपर्यंत पसरलेल्या होत्या. आमिल म्हणजे पिढ्यानपिढ्या सरकारी दप्तरातला माणूस, आधी मीरांचा, मग इंग्रजांचा. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज १८८७चं. त्याच कॉलेजातले प्राध्यापक मुंबईत येऊन १९४८ला जय हिंद कॉलेज सुरू करतात, १९४९ला वांद्र्याला नॅशनल कॉलेज निघतं. छावणीतल्या पोराला छावणीतच आपल्या जातीचा मास्तर भेटला. आमच्या वस्तीतल्या पोराला मास्तर भेटला तो लांबून छडी फेकून मारणारा.

सगळेच सिंधी पेढीवाले नव्हते हो. गरीब होते, अडाणी होते, बोटीतून उतरताना हातात खरोखर काही नसलेले होते. त्याच माणसाला घेऊ. त्याच्याकडं हुंडी नाही, पेढी नाही, इंग्रजी नाही. त्यानं काय केलं? त्याच्या बायकोनं बराकीत पापड लाटले. पोरांनी ते लोकलमध्ये विकले. गोळ्या-बिस्किटं विकली, पेनं-कंगवे विकले. दोन पैशाच्या नफ्यावर समाधान मानलं. हे खरं आहे, आणि याला मी सलाम करतो.

आता माझा एकच सवाल आहे. हाच पापड महारणीनं लाटला असता, आणि मांगाच्या पोरानं लोकलमध्ये ओरडून विकला असता, की बाबा मी अमक्या मांगवाड्यातला, तर १९४८ साली दादर-गिरगावातल्या कुठल्या घरात तो तळला गेला असता?

इथं सगळी तुलना झोपते. सिंध्याचे हात रिकामे होते. आमचे हात विटाळलेले होते. रिकाम्या हातात गिऱ्हाईक पैसे ठेवतं, विटाळलेल्या हातातलं घेत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भांडवल म्हणजे पैसा, यंत्र, जमीन. 'आपल्या हातचं लोकांना चालणं' हे भांडवल कुठल्या प्रकरणात लिहिलंय? ते ज्याच्याजवळ जन्मापासून आहे त्याला ते दिसत नाही.

कोल्हापूरला गंगाराम कांबळे होते. शाहू महाराजांच्या तबेल्यातले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून बेदम मार खाल्ला. महाराजांनी त्यांना हाटेल काढून दिलं. कपबशा स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही. शेवटी महाराजांनी आपली गाडी त्या दारात थांबवायची, स्वतः चहा प्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांना पाजायचा, असं करावं लागलं. म्हणजे आमच्या माणसाचा एक कप चहा खपायला छत्रपती लागतात. प्रत्येक हाटेलाला छत्रपती कुठून आणायचे?

बरं, चहा पोटात जातो म्हणून विटाळ, असं म्हणाल. बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आले, कोलंबियाची एम. ए. घेतलेला माणूस, त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला द्यायची पेढी काढली. सल्ला काय तोंडात घालायचा असतो? पण देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. पेढी बंद.

जुनं झालं ते, आता कुठं राहिलीय जात? १९८७ला माझ्या मेव्हण्यानं तालुक्याच्या गावी मिसळ-भज्याचं दुकान टाकलं. बँकेतून नाही, बहिणीचं डोरलं मोडून. सहा महिने गर्दी. आडनाव असं होतं की कळत नव्हतं. १४ एप्रिलला त्यानं गल्ल्यावर बाबासाहेबांचा फोटो लावला, हार घातला, पेढे वाटले. पेढे लोकांनी घेतले. खाल्ले का, माहीत नाही. पुढच्या आठवड्यापासून बाकडी रिकामी. दिवाळीला दुकान उठलं. मिसळ तीच, हात तोच. आता तो रिक्षा चालवतो. रिक्षात बसताना ड्रायव्हरची जात कुणी विचारत नाही, म्हणून आमची पोरं रिक्षावर जास्त दिसतात. यावर कुणा समाजशास्त्रज्ञानं प्रबंध लिहायला हरकत नाही.

एकट्या मेव्हण्याची गोष्ट सांगतो असं वाटत असेल, तर २००७ साली सुखदेव थोरातांनी केलेली तपासणी आहे. खाजगी कंपन्यांना नोकरीचे अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त आडनाव वेगळं. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं कमी आलं. आणि २००५च्या आर्थिक गणनेत देशातल्या धंद्यांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे होते ९.८ टक्के, तर लोकसंख्येत त्यांचा वाटा १६.४ टक्के. सवलती खाऊन सुस्तावलो म्हणता? धंद्यात कसली राखीव जागा होती?

तरीही तुम्हाला निर्वासिताशीच तुलना पाहिजे असेल, तर करू. फाळणी आमच्या माणसांचीही झाली. कराचीतले झाडूवाले, भंगी हेसुद्धा सिंधचेच. त्यांनाही जीव वाचवून निघायचं होतं. पाकिस्तान सरकारनं त्यांना अडवलं, अत्यावश्यक सेवा म्हणून. भारताचे हायकमिशनर श्रीप्रकाश, जे पुढं आपल्याकडं राज्यपाल झाले, त्यांनी याबद्दल विचारलं, तेव्हा लियाकत अलींनी उलटा सवाल केला : हे गेले तर कराचीचे संडास साफ कोण करणार? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ला पत्रक काढलं, १८ डिसेंबरला नेहरूंना पत्र लिहिलं, की आमच्या माणसांना सोडवा. शेठ बोटीत बसू शकला. त्याचा संडास साफ करणारा धक्क्यावरच राहिला. 'अंगावरच्या कपड्यांनिशी' यायलासुद्धा आधी जात लागते.

आणि बंगालचे नामशूद्र. जोगेंद्रनाथ मंडल त्यांच्यातले, ज्यांनी १९४६ला बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणलं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उच्चवर्णीय बंगाली आधी आले, कलकत्त्याच्या कडेला मोकळ्या जमिनी धरून वसाहती केल्या, त्या पुढं कायदेशीर झाल्या. नामशूद्र शेतकरी होते, ते १९५०च्या दंगलीनंतर आले, १९६४ला आले. पश्चिमेच्या निर्वासितांना नुकसानभरपाई मिळाली, यांना ती नाही. का, तर एप्रिल १९५०च्या नेहरू-लियाकत करारात हे परत जाणार असं धरलं होतं. त्यांना रायपूरजवळच्या मानाच्या छावणीत टाकलं, मग १९५८ला काढलेल्या दंडकारण्य प्रकल्पात. भातशेती आणि नदीतल्या मासेमारीवर जगलेली माणसं कोरापूट-बस्तरच्या खडकावर.

१९७८ला त्यांच्यातले हजारो स्वतःहून उठून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. सरकारकडं काही न मागता बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या. म्हणजे तुम्ही ज्याचं कौतुक करता तेच. हात पसरले नाहीत, कष्ट केले. डाव्यांच्या सरकारनं जानेवारी १९७९ला बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना परत दंडकारण्यात हाकललं. किती मेले याचा खरा आकडा आजही सरकारी कागदावर नाही.

या नामशूद्रांतली काही माणसं महाराष्ट्रात आहेत. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी, मुलचेरा भागात, त्यांना वसवलं गेलं. तिकडं गेलात तर मराठी शाळेत शिकलेली, घरात बंगाली बोलणारी त्यांची नातवंडं भेटतील. बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती जातच नाही, म्हणून इथं पोरांना दाखला मिळत नाही. सवलत नाही, भरपाई नाही, कलकत्त्याजवळची जमीन नाही. उल्हासनगर त्यांच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. पुढच्या व्याख्यानमालेच्या अध्यक्षांनी जाताना तराजू घेऊन तिकडं जावं. मी तिकीट काढून देतो.