पाणचक्कीची भिंत सांभाळता, नळही सांभाळा

प्रति,
पाणचक्की, शहरातील नहरी आणि त्यांच्यावरून जाणारे रस्ते ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी,
छत्रपती संभाजीनगर.



पाणचक्कीत आलेला पाहुणा आधी त्या उंच भिंतीपुढे फोटो काढतो. माथ्यावरून हौदात पडणारं पाणी फोटोत येतं. ते वर कसं चढलं, हे मात्र येत नाही. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं हे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येतं. उगम उंचावर, म्हणून ते आपल्याच दाबाने भिंतीत चढतं. त्याच्याच जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत. डोक्यावर पाणी आणि खाली माणसं, अशी ही बांधणी.

17व्या शतकात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीला, म्हणजे याच शहराला, नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या जलमार्गाचं, पाणी दिलं. पाणचक्की त्याच विद्येचं पुढचं पान. आज आपलं पाणी जायकवाडीहून पंपांनी चढवून आणावं लागतं, आणि तरीही नळाला ते रोज येत नाही.

भिंत आणि हौद हा या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा. बाकीची सगळी जमिनीखाली आहे आणि तिच्यावर रस्ते, गटारं, केबलचे चर, इमारतींचे पाये येत राहतात. खापरी नळाला जेसीबीचा एक दात पुरतो. नळ फुटला की दाब गेला, दाब गेला की भिंत कोरडी. मग पंप लावून धार पाडता येईल. पण ते कारंजं झालं, पाणचक्की नव्हे.

म्हणून तीन मागण्या:

1. उगमापासून हौदापर्यंतचा नळमार्ग मोजून विकास आराखड्यात दाखवा.
2. त्या पट्ट्यात खोदकामाची परवानगी वारसातज्ज्ञांनी जागा पाहिल्याशिवाय देऊ नका.
3. आवारात पाण्याचा संपूर्ण प्रवास दाखवणारा फलक मराठी, उर्दू आणि हिंदीत लावा. हौदाकाठी सावलीत बसायची जागा शहरातल्या माणसांसाठीही राहू द्या. हे आवार केवळ तिकीटवाल्यांचं नाही.

भिंतीची डागडुजी, रंगरंगोटी, रोषणाई नंतर होईल. पुढचा चर खणायच्या आधी पहिली मागणी तेवढी पुरी करा.

आपला,
एक शहरवासी