चाव्या हाती, अधिकार दूर : रुग्णालयीन औषधनिर्मात्यांच्या व्यवस्थापन शिक्षणाचा प्रश्न

भिलाई : ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाई पोलाद प्रकल्पातील कोक ओव्हन विभागाच्या वायुवाहिनीत स्फोट झाला. होरपळलेल्या कामगारांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात हलवण्यात आले. नऊ जणांचा मृत्यू त्याच दिवशी नोंदवला गेला आणि पुढील दिवसांत मृतांची संख्या वाढत गेली. अशा प्रसंगी लक्ष शल्यचिकित्सकांकडे आणि परिचारिकांकडे जाते. त्यांच्या हाती वेळेवर काही पडावे, यासाठी रुग्णालयाच्या औषध भांडारात काय चालू असते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भाजलेल्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत किती द्रव द्यावा, याचे वैद्यकशास्त्रातील प्रचलित सूत्र असे : शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे आणि भाजलेल्या भागाच्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर. म्हणजे ६० किलो वजनाचा कामगार ५० टक्के भाजला असेल, तर त्याला १२ लिटर द्रव लागतो आणि त्यातील निम्मा पहिल्या आठ तासांत द्यावा लागतो. असे बारा रुग्ण एकाच वेळी दाखल झाले, तर एका दिवसात अर्ध्या लिटरच्या २८८ बाटल्या संपतात. वेदनाशामके, मलमे, प्रतिजैविके यांचा हिशेब वेगळाच. ही गरज अपघातानंतर निविदा काढून भागत नाही. पोलाद प्रकल्पाशेजारच्या रुग्णालयात कोणता साठा नेहमी राखीव असावा, याचा निर्णय कोणीतरी कित्येक महिने आधी घेतलेला असावा लागतो. तो निर्णय कोणी घ्यायचा आणि त्यासाठी त्याचे काय शिक्षण झालेले असते, हा रुग्णालयीन औषधनिर्मात्यांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणाचा मूळ प्रश्न आहे.

शिक्षणातील पोकळी

१९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्यानुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज अन्य कोणालाही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा किंवा देण्याचा अधिकार नाही. या नोंदणीसाठी दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण दीर्घकाळ पुरेसे मानले जात होते. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात सातव्या सत्रात ‘फार्मसी प्रॅक्टिस’ हा विषय येतो. रुग्णालयीन औषध विभागाची रचना, औषध व उपचार समिती, भांडार व्यवस्थापन, साठा नियंत्रण आणि अंदाजपत्रक या सर्वांची तोंडओळख त्या एकाच विषयाच्या ४५ तासांत करून दिली जाते. त्यानंतर थेट नोकरी आणि नोकरीबरोबर भांडाराच्या चाव्या.

बहुतेक रुग्णालयांत वेतनानंतरचा मोठा खर्च औषधे आणि वैद्यकीय साहित्यावर होतो. शेकडो प्रकारची औषधे, प्रत्येकाची वेगळी मुदत, काहींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाची अट, काहींच्या नावांत आणि वेष्टनांत फसवे साम्य, तर काही मात्रेत किंचित चूक झाली तरी प्राणघातक. एवढ्या गुंतागुंतीचे भांडार सांभाळणाऱ्याकडे रसायनशास्त्राचे ज्ञान असते; परंतु मागणीचा अंदाज, करारातील अटी, पुरवठादारांचे मूल्यमापन आणि कर्मचाऱ्यांचे नियोजन हे तो चुकतमाकत शिकतो. या चुकांची किंमत रुग्ण मोजतो.

व्यवस्थापनशास्त्रातील साधने अवघड नाहीत. एखाद्या इंजेक्शनच्या महिन्याला ६०० कुप्या लागतात, मागणी नोंदवल्यापासून माल पोहोचायला दोन महिने जातात आणि एक महिन्याचा साठा राखीव ठेवायचा आहे, असे समजू. मग साठा १,८०० कुप्यांवर येताच नवी मागणी गेली पाहिजे. तो ६०० वर येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे एक महिन्याचा तुटवडा स्वतःहून ओढवून घेणे होय. औषधांची वर्गवारीही अशीच दुहेरी करावी लागते. सर्वाधिक खर्च कशावर होतो, ही एक कसोटी. आणि कशावाचून रुग्णाचा जीव जाईल, ही दुसरी. स्वस्त पण जीवरक्षक औषध पहिल्या कसोटीत तळाला, तर दुसऱ्या कसोटीत शिखरावर असते. केवळ खर्चाकडे पाहणारा लेखापाल त्याकडे दुर्लक्ष करील. दोन्ही कसोट्या एकत्र लावण्याचे काम औषधांचे ज्ञान आणि व्यवस्थापनाची दृष्टी या दोहोंची जोड असलेल्या व्यक्तीचे आहे.

चुकांची किंमत

छत्तीसगडला या प्रश्नाचे गांभीर्य नव्याने सांगण्याची गरज नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात ८३ महिलांवर काही तासांत नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर जिल्ह्यात किमान १३ महिलांचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेतील हलगर्जी आणि जंतुसंसर्ग यांबरोबरच तेथे दिलेल्या प्रतिजैविक गोळ्यांच्या दर्जावरही गंभीर शंका घेतली गेली आणि राज्य सरकारने त्या औषधांच्या वापरावर बंदी घातली. मृत्यूंच्या नेमक्या कारणावर वाद झाला. परंतु औषध रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी त्याच्या दर्जाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या वादापलीकडे उरतोच.

राज्यात औषधांच्या केंद्रीय खरेदीसाठी छत्तीसगड वैद्यकीय सेवा महामंडळ अस्तित्वात आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच महामंडळामार्फत झालेल्या प्रयोगशाळा अभिकर्मके आणि उपकरणांच्या खरेदीसंदर्भात राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. प्रत्यक्ष गरज आणि साठवणुकीची सोय न पाहता माल घेतला गेला, असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालयात होईल. मात्र ‘किती हवे’ आणि ‘ठेवणार कुठे’ हे दोन साधे प्रश्न खरेदीपूर्वी लेखी विचारण्याचा अधिकार असलेला प्रशिक्षित माणूस प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असता, तर असा माल दारात येण्यापूर्वीच आक्षेप नोंदवला गेला असता.

भिलाईहून मुंबई-हावडा लोहमार्गाने पश्चिमेस निघाले, की काही तासांत नागपूर येते. महाराष्ट्रातील चित्रही दिलासादायक नाही. नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविक गोळ्यांत मूळ औषधी घटकच नसल्याचे २०२४ मध्ये तपासातून समोर आले. त्याआधी, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. हाफकिन महामंडळाकडून होणाऱ्या खरेदीतील दिरंगाईवर त्याआधीपासून टीका होत होती आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला होता.

यंत्रणा बदलली, तरी तिच्या शेवटच्या टोकाला बसलेला माणूस तोच राहतो. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्थापन केलेले वैद्यकीय सेवा महामंडळ देशभर आदर्श मानले गेले आणि अनेक राज्यांनी त्याचा नमुना उचलला. परंतु केंद्रीय खरेदी कितीही कार्यक्षम असली, तरी तिला मागणीचे आकडे रुग्णालयातूनच मिळतात. ते चुकीचे असतील, तर संगणक प्रणाली चूकच अधिक वेगाने पुढे पाठवते.

पदवी आहे, पण कोणती?

पदव्युत्तर शिक्षणाचे पर्याय देशात नाहीत असे नव्हे. पण प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. एम. फार्मच्या ‘फार्मसी प्रॅक्टिस’ शाखेचा भर रुग्णाच्या औषधोपचारावर असून पहिल्या सत्रात रुग्णालयीन व सामुदायिक औषधव्यवसायाचा एक विषय असतो. २००८ मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रमही रुग्णाच्या खाटेशेजारी काम करणारा औषधतज्ज्ञ घडवतो. राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेच्या मोहालीसारख्या केंद्रांतील औषध व्यवस्थापनाचे एमबीए प्रामुख्याने उद्योगासाठी मनुष्यबळ पुरवते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचे रुग्णालय प्रशासनाचे शिक्षण संपूर्ण रुग्णालयाचा विचार करते. औषध विभाग त्यातील एक प्रकरण असतो. उपचार, उद्योग आणि प्रशासन या तीन वाटांच्या मधोमध रुग्णालयीन औषध विभाग चालवण्याचे शिक्षण हरवले आहे.

अन्य देशांत ही जागा फार पूर्वी ओळखली गेली. ब्रिटनमध्ये १९७० च्या नोएल हॉल अहवालाने रुग्णालयीन औषधसेवेची पुनर्रचना सुचवली आणि त्यातून वरिष्ठ पदांची शिडी उभी राहिली. २०१६ मध्ये लॉर्ड कार्टर यांच्या अहवालाने औषधनिर्मात्यांचे ८० टक्क्यांहून अधिक बळ रुग्णाच्या औषधोपचाराशी आणि औषधसुरक्षेशी निगडित कामांवर लागावे, अशी शिफारस केली. अमेरिकेत औषध विभागाचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसाठी पदवीनंतर रुग्णालयातच निवासी प्रशिक्षण असते आणि अनेक ठिकाणी त्याला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीची जोड दिली जाते. दोन्ही देशांत शिक्षणाचे नाते प्रत्यक्ष पदाशी जोडलेले आहे, ही बाब भारतासाठी अधिक महत्त्वाची आहे.

भिलाईची अनुकूलता

असा अभ्यासक्रम उभा करण्यासाठी लागणारे घटक एका शहरात क्वचितच सापडतात. भिलाईत ते आहेत. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय येथे असून औषधनिर्माणशास्त्र आणि व्यवस्थापन या दोन्ही विद्याशाखा त्याच्या कक्षेत येतात. शहरात आणि परिसरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. पोलाद प्रकल्पाचे मोठे बहुविशेष रुग्णालय आहे, शेजारी दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तर रायपूरचे एम्स तासाभराच्या अंतरावर आहे. शिवाय या शहराची जडणघडणच उत्पादन, साठा आणि वेळापत्रक यांच्या शिस्तीत झाली आहे. कच्चा माल संपला म्हणून झोतभट्टी थांबू नये, यासाठी जे शास्त्र प्रकल्पात वापरले जाते, त्याच शास्त्राची गरज काही किलोमीटरवरील औषध भांडाराला आहे.

मात्र हा अभ्यासक्रम वर्गखोलीत बसवून चालणार नाही. सेवेतील औषधनिर्मात्यांना नोकरी न सोडता पूर्ण करता येईल अशी त्याची आखणी हवी आणि त्यातील निम्मा काळ रुग्णालयात गेला पाहिजे. प्रबंधाचा विषय ज्याच्या त्याच्या भांडारातूनच यावा : गेल्या वर्षी किती औषधे मुदतबाह्य झाली, जीवरक्षक औषधे किती दिवस उपलब्ध नव्हती, वॉर्डात पोहोचायला किती वेळ लागला आणि हे आकडे वर्षभरात किती सुधारले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी लागली, तेव्हा देशभर रेमडेसिविरसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. अपुरे औषध कोणाला आधी द्यावे, याचे निकष, त्याची नोंद आणि त्याचा हिशेब हा व्यवस्थापनाचाच भाग असून त्याचे शिक्षण संकटापूर्वीच व्हावे लागते.

खरी अडचण पदाची

या प्रस्तावावरील सर्वांत सबळ आक्षेप असा, की देशात पदव्यांची वाण नाही. वाण आहे ती पदांची. हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील औषधनिर्मात्याला ‘औषध निर्माण अधिकारी’ म्हटले जाते, तर छत्तीसगडमध्ये भरती ‘फार्मासिस्ट ग्रेड-२’ या पदावर होते. नाव कोणतेही असो, बढतीच्या वाटा अरुंद आहेत. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी औषधनिर्मात्याची कर्तव्ये स्पष्ट केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्टची दखल घेतली. पण कागदावरील कर्तव्याला सेवानियमांतील अधिकाराची जोड मिळालेली नाही. पदव्युत्तर पदवी घेऊनही त्याच खिडकीमागे, त्याच वेतनावर बसावे लागणार असेल, तर हुशार विद्यार्थी औषध कंपन्यांकडे वळतील आणि नवा अभ्यासक्रम शुल्कवसुलीचे आणखी एक साधन ठरेल.

म्हणून अभ्यासक्रम आणि पद यांचा निर्णय एकत्रच व्हायला हवा. ठरावीक खाटांपेक्षा मोठ्या प्रत्येक रुग्णालयात औषध विभागप्रमुखाचे पद, त्यासाठी ही पात्रता, औषध व उपचार समितीचे सचिवपद आणि संशयास्पद किंवा अनावश्यक माल लेखी कारण देऊन नाकारण्याचा अधिकार, एवढ्या चार गोष्टी सेवानियमांत आल्या तर शिक्षणाला अर्थ येईल. छोट्या रुग्णालयांना असे स्वतंत्र पद परवडणार नाही. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर एक प्रशिक्षित अधिकारी अनेक भांडारांवर देखरेख ठेवू शकतो. खर्चाचा मुद्दाही दुहेरी आहे. एका पदाचे वेतन अंदाजपत्रकात दिसते. मुदत संपून नष्ट केलेली औषधे आणि ऐनवेळी चढ्या भावाने केलेली स्थानिक खरेदी मात्र अनेक लेखाशीर्षांत विखुरलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘अपायाविना औषध’ ही जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा औषधविषयक चुकांमुळे जगाला दरवर्षी ४२ अब्ज डॉलरचा फटका बसत असल्याचा अंदाज मांडला होता. भारतातील सामान्य कुटुंबासाठी हा आकडा दूरचा आहे. त्याच्यासाठी हिशेब सोपा आहे : शासकीय रुग्णालयाच्या खिडकीवर ‘हे औषध बाहेरून आणा’ असे उत्तर मिळाले, की दिवसाची मजुरी गेली. त्या उत्तराचे कारण कित्येकदा पैशांचा अभाव नसून वेळेवर न गेलेली मागणी असते. भांडाराच्या चाव्या ज्याच्या हाती आहेत, त्याला तिची वेळ ओळखण्याचे शिक्षण आणि ती पुढे रेटण्याचा अधिकार, दोन्ही मिळाल्याखेरीज त्या खिडकीवरचे उत्तर बदलणार नाही.