उपाहारगृह मालकाचें, हवा कोणाची?

गेल्या पालक-संमेलनानंतर एका विद्यार्थ्याचे वडील मजजवळ बसून बोलत होते. बसस्थानकाजवळ त्यांचें लहानसें उपाहारगृह आहे. ते म्हणाले, "गुरुजी, धंदा माझा, भाडें मी भरतों, आणि माझ्या गिऱ्हाइकानें चहाबरोबर विडी ओढावी कीं नाहीं, हें मात्र सरकारनें ठरवावयाचें! ज्याला धूर सोसत नाहीं त्यानें दुसरीकडे चहा घ्यावा." वादविवादाच्या वेळीं आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंहि हेंच मोठ्या आवेशानें मांडतात, यास्तव त्याचा थोडा विचार करूं.

ही तक्रार अगदींच पोकळ नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याखालीं केलेले नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलांत आले. मालकानें दारांत निषेधाची पाटी लावावी, राखदाणी अगर आगपेटी ठेवूं नये, आणि तक्रार येऊनहि तो स्वस्थ बसल्यास, जितके अपराध घडले असतील तितका दंड त्यानें भरावा. म्हणजे पोलिसाचें काम चहावाल्याच्या गळ्यांत! शिवाय तीस किंवा अधिक माणसें बसण्याची सोय असलेल्या उपाहारगृहास धूम्रपानाकरितां निराळी खोली राखण्याची मुभा आहे. या गृहस्थांच्या सहा बाकांना ती नाहीं. थोरल्यास सवलत आणि धाकट्यास मनाई, हा न्याय मला तरी उमगत नाहीं. धूर कांहीं खुर्च्या मोजून विषारी होत नाहीं.

पण म्हणून सहा बाकांनाहि मुभा द्यावी काय? मला वाटतें, तीस खुर्च्यांची काढून घ्यावी. कारण 'दुसरीकडे जावें' हें गिऱ्हाइकास सांगतां येतें. तें उठून जातें. तेथें बशा उचलणारानें कोठें जावें? आमच्याच शाळेंतून बाहेर पडलेला एक तरुण त्या ठिकाणीं पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा असतो. त्यानें विडीस कधीं हात लावलेला नाहीं. परंतु छाती त्याचीच भरते. स्वतः न ओढणाऱ्या, पण ओढणाऱ्या पतीच्या सहवासांत राहणाऱ्या स्त्रियांस फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणांत होतो, हें हिरायामा या जपानी संशोधकानें १९८१ सालींच दाखवून दिलें होतें. आयर्लंडनें २९ मार्च २००४ रोजीं मद्यगृहांतहि धूम्रपान बंद केलें, तें मुख्यतः तेथें राबणाऱ्यांच्या प्रकृतीसाठीं. आमच्याकडे मुंबईच्या मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २००१ च्या नोव्हेंबरांत रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, आगगाड्या इत्यादि ठिकाणीं मनाई केली. त्या यादींत उपाहारगृहें नव्हतीं. तीं मागाहून आलीं.

मालकाचा हक्क मोठा खरा. तथापि आपल्याच स्वयंपाकघरांत भेसळीचें तेल वापरण्याचा हक्क कोणी उघडपणें मागत नाहीं. मग धुराचाच तेवढा कां मागावा?

मीं त्या गृहस्थांस विचारलें, "सुटींत आपला मुलगा गल्ल्यावर बसतो, तेव्हां विडीवाल्यास आपण काय सांगतां?" ते जरा हसले. म्हणाले, "त्या वेळीं बाहेर पाठवितों."

परवां त्या बाजूनें गेलों होतों. पाटी अजून लागलेली नाहीं.